बारा, दहा, अकरा, चौदा

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी मागणी केली की बहुजनांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत तरी, सक्तीचे करावे. या निवेदनातल्या इतर गोष्टींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. रयतेच्या कष्टातून तिजोरीत येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार, किंवा मोडी-बालबोध, हिशेब, शेती आणि आरोग्य यांची तोंडओळख करून देणारा त्यांचा अभ्यासक्रम, हे सर्वांना ठाऊक आहे. बाराच्या आकड्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो किती धीट होता हे कळण्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा एक कायदा ठेवून पाहावा लागतो. आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम करून घेऊ नये, एवढे त्याने ठरवले. म्हणजे मुंबईच्या गिरणीत सात वर्षांच्या पोराने नऊ तास राबणे कायद्याला मंजूर होते, आणि फुले म्हणत होते की बारा पुरी होईपर्यंत त्याची जागा शाळेत आहे. वयाची तीच पाच वर्षे एक कायदा गिरणीच्या हवाली करत होता आणि एक माणूस शाळेसाठी मागत होता.

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा प्रवेशाचा इतिहास म्हणून सांगतो: शाळा किती निघाल्या, मुले किती आली, मुली कधी आल्या. मला तो दुसऱ्या टोकाकडून वाचावासा वाटतो. कायदा मुलाला कोणत्या वयाला शाळेतून मोकळे करतो, आणि कोणत्या वयाला दुसरा कायदा त्याला कामावर घेण्याची मुभा देतो, हे दोन आकडे एकत्र पाहिले की सक्ती खरी की कागदोपत्री हे कळते. दोन्ही वये जुळत असतील तर शाळेचा कायदा आणि मजुरीचा कायदा एकमेकांची राखण करतात. कामाचे वय आधी येत असेल तर शाळा हरते. शाळेचे वय आधी संपत असेल तर मधल्या काळात पोर कोणाचेच नसते. पश्चिम हिंदुस्थानात साठ-सत्तर वर्षे हे वय बारा, दहा, अकरा, चौदा असे खाली-वर होत राहिले. त्या प्रत्येक आकड्यामागे मुलाच्या बौद्धिक गरजेचा विचार थोडा होता. तिजोरी आणि मजुरीचा बाजार यांच्याशी झालेली तडजोड जास्त होती.

फुल्यांना ही तडजोड चांगली कळत होती. गरीब कुणब्याला गुरे राखायला आणि शेताकडे बघायला पोरांची गरज असते, म्हणून तो त्यांना शाळेत घालत नाही, हे त्यांनी त्याच निवेदनात नोंदवले आहे. त्यावर त्यांनी दुहेरी उपाय सुचवला: शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे देऊन पालकाचे मन वळवावे, आणि त्याच्या जोडीला वयाची सक्ती असावी. आमिष आणि आज्ञा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हंटर आयोगाने सक्ती मान्य केली नाही. प्राथमिक शाळांचा भार स्थानिक मंडळांवर सोपवून सरकार बाजूला झाले. पहिला प्रयोग झाला तो ब्रिटिश मुलखाबाहेर. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातल्या अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर नेली. मुलांसाठी वय होते सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. वरची मर्यादा मुलांपुरती फुल्यांच्या आकड्यावर आली. मुलींना दोन वर्षे आधी सोडण्यामागे त्या काळच्या लग्नाच्या वयाचा हिशेब होता, हे उघड आहे. म्हणजे मुलगा शेताच्या हवाली होणार त्या वयाला त्याची शाळा संपत होती, आणि मुलगी सासरच्या हवाली होणार त्या वयाला तिची.

ब्रिटिश हिंदुस्थानात हा प्रश्न कायद्याच्या रूपाने आणला गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदे मंडळात ठराव मांडला, आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. विधेयक मुद्दाम सौम्य ठेवले होते. सक्ती फक्त सहा ते दहा वयाच्या मुलांना होती; मुलींचा विचार पुढे करायचा होता. ती कुठे लावायची हे स्थानिक संस्थेने ठरवायचे, तेही त्या भागातली ठरावीक प्रमाणात मुले आधीपासून शाळेत जात असतील तरच. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलायचा, आणि महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ. फुल्यांचे बारा गोखल्यांकडे दहा झाले होते. ही माघार कशासाठी, याचे उत्तर त्याच सालच्या दुसऱ्या कायद्यात सापडते. १९११ मध्ये नवा फॅक्टरी कायदा झाला. त्याने कापड गिरण्यांतल्या मुलांचे काम दिवसाला सहा तासांवर आणले, पण गिरणीत शिरण्याचे किमान वय १८९१ मध्ये ठरले होते तेच, नऊ, कायम ठेवले. म्हणजे गोखल्यांचे दहा मान्य झाले असते तरी त्याची गिरणीशी टक्कर जेमतेम एका वर्षापुरती होती. गोखले मागत होते ते फार थोडे होते, आणि तेवढेही मिळाले नाही. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागेल, असे ते म्हणाले.

विरोधकांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. शिक्षण खात्याचे सदस्य सर हार्कोर्ट बटलर यांचे म्हणणे असे की लोकांकडून सक्तीची मागणी नाही, स्थानिक संस्था तयार नाहीत, शिक्षक पुरेसे नाहीत. शाळा वाढवत गेलो की मुले आपोआप येतील. जमीनदारांची चिंता वेगळी होती: शेतावर राबणारे हात कमी होतील. त्यातला शिक्षकांचा मुद्दा खरा होता. पण सक्ती फक्त पालकावर येते, असे या युक्तिवादात गृहीत धरलेले आहे. गोखल्यांच्या विधेयकात ती सरकारवरही येत होती: दोन-तृतीयांश खर्च द्यायचा म्हणजे शाळा बांधायच्या आणि शिक्षक नेमायचे. ऐच्छिक विस्तारात सरकारला आपला वेग आपणच ठरवता येतो. सक्तीत तो वेग मुलांच्या संख्येवरून ठरतो. इंग्लंडचेच उदाहरण गोखल्यांपुढे होते. तिथे १८७० मध्ये सक्ती स्थानिक मंडळांच्या मर्जीवर सोडली होती, १८८० मध्ये ती दहा वर्षांपर्यंत सर्वत्र लागू झाली, १८९३ मध्ये अकरा आणि १८९९ मध्ये बारापर्यंत गेली. शाळा आधी आणि सक्ती मागून, असा क्रम तिथे लागला नाही. दोन्ही एकमेकांना ओढत पुढे गेल्या. जमीनदारांचा आक्षेप तर सक्तीच्या बाजूचाच पुरावा म्हणावा लागेल. मुलांना शाळेत पाठवल्याने मजूर कमी पडणार असतील, तर ती मुले मजूर आहेत हे आक्षेप घेणाऱ्यानेच मान्य केले होते.

गोखले १९१५ मध्ये गेले, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या कल्पनेला मुंबई इलाख्यात कायद्याचे रूप आले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. वय सहा ते अकरा. लागू करायचा की नाही हे नगरपालिकेच्या हाती. त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी संस्थानभर मोफत आणि सक्तीचे शिक्षण जाहीर केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. या दोन वाटांतला फरक मोलाचा आहे. कोल्हापुरात निर्णय राजाचा होता, त्यामुळे एका झटक्यात लागू झाला. इलाख्यात तो प्रत्येक नगरपालिकेच्या वादात अडकला. पुण्यात तर मुलींनाही मुलांबरोबर सक्ती लावायची की पैसे अपुरे म्हणून आधी फक्त मुलांना लावायची, यावरून १९२० च्या आसपास रण माजले, आणि आधी मुलांना या बाजूला खुद्द टिळक उभे राहिले. पैशाची अडचण खोटी नव्हती. पण अडचण येताच पहिली कात्री मुलींच्या वर्षांना लागते, हे बडोद्याच्या कायद्यापासून पुण्याच्या वादापर्यंत सारखेच दिसते.

मुंबई शहरात सक्ती आली ती १९२५ मध्ये, एफ आणि जी वॉर्डांपासून, म्हणजे परळ, दादर, वरळी या बाजूच्या वस्तीपासून. हा गिरणगावचा पट्टा. तेव्हा मजुरीच्या कायद्याचा आकडा बदललेला होता. १९२२ च्या दुरुस्तीने गिरणीत शिरण्याचे किमान वय नऊवरून बारावर नेले होते आणि बारा ते पंधरा वयाच्या मुलांना सहा तासांची मर्यादा होती. म्हणजे आता उलटा प्रकार झाला. अकराव्या वर्षी शाळेच्या कायद्याची मर्यादा संपणार, बाराव्या वर्षी गिरणीची दारे उघडणार, मधले वर्ष कोणाचेच नाही. प्रत्यक्षात हे वर्ष रिकामे राहत नसे, कारण वय ठरवायलाच आधार नव्हता. जन्माची नोंद नसलेल्या पोराचे वय गिरणीकामाचे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर दात आणि उंची पाहून अंदाजाने लिहीत असे. एकाच दिवशी दोन गिरण्यांत दोन वेगळ्या दाखल्यांवर काम करणारी मुले असत. हा प्रकार एवढा होता की १९२६ च्या दुरुस्तीत मुलाला असे दोनदा कामाला लावणाऱ्या पालकाला शिक्षा ठेवावी लागली. इथे शाळेचा एक दुर्लक्षित उपयोग लक्षात येतो. मुलाचे नाव हजेरीपटावर सहाव्या वर्षी चढले असेल तर त्याचे वय पुढे कोणाला वाढवता येत नाही. आजही महाराष्ट्रात जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला दाखवतात, त्यामागे हेच आहे. कारखान्याच्या तपासनिसाला शाळेइतका भरवशाचा साथीदार दुसरा नव्हता, पण दोन्ही कायद्यांची वये जुळत नव्हती तोवर त्या साथीचा उपयोग होणार नव्हता.

सुटण्याचे वय हेच मर्म आहे, हे सगळ्यात नेमकेपणाने मांडले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारी अहवालाचाच आकडा काढला: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. या गतीने शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुली यायला तीनशे, असेही त्यांनी दाखवले. शिरलेले मूल, साक्षर झाल्यावर पुन्हा विसरणार नाही अशा टप्प्यालाच शाळेबाहेर पडले पाहिजे, नाहीतर खर्च पाण्यात गेला, असा त्यांचा मुद्दा होता. दोन वर्षांनी आलेल्या हार्टोग समितीच्या अहवालाने देशभरासाठी हीच गळती मोठ्या अक्षरात लिहिली. समितीने मात्र त्यातून असा निष्कर्ष काढला की विस्ताराची घाई नको, आहेत त्या शाळा सुधारा. एकाच पुराव्यातून निघालेली ही दोन उत्तरे आहेत. आंबेडकरांचे उत्तर मला जास्त सुसंगत वाटते. मूल दुसरीत गळते ते केवळ शाळा वाईट म्हणून नव्हे. सातव्या-आठव्या वर्षी त्याला घरी आणि शेतावर काम असते आणि ते रोखणारा कायदा नसतो, म्हणूनही. शाळा सुधारल्याने पहिले कारण कमी होते. दुसरे फक्त वयाच्या बंधनाने होते.

चौदाचा आकडा आला तो १९३० च्या दशकाच्या शेवटी. वर्धा शिक्षण योजनेत सात ते चौदा अशी सात वर्षे होती. मुंबईचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांनी सहा ते चौदा ही मर्यादा सुचवली, आणि १९४४ च्या सार्जंट अहवालाने ती चाळीस वर्षांत गाठायचे ठरवले. पण चौदाला खरा अर्थ आला तो संविधान सभेत, २३ नोव्हेंबर १९४८ रोजी. मसुद्यातल्या कलम ३६ मध्ये चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण असे म्हटले होते. ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे अशी दुरुस्ती आली. आंबेडकरांनी ती नाकारली, आणि कारण दिले ते मजुरीच्या कलमाचे: मसुद्याचे कलम १८ चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी करते, मग त्या वयापर्यंत त्याला शिक्षणसंस्थेत गुंतवून ठेवलेच पाहिजे. १८८१ पासून वेगवेगळ्या दिशांनी धावणारे दोन आकडे इथे पहिल्यांदा जाणीवपूर्वक एकत्र बांधले गेले. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यानेही कारखान्याचे किमान वय चौदा केले. कागदावर तरी वर्तुळ पूर्ण झाले होते.

मग पुढची साठ वर्षे काय झाले? बांधलेली गाठ दोन्हीकडून सैल ठेवली गेली. शिक्षणाच्या कलमातला हक्काचा शब्द त्याच दिवशी लक्ष्मीकांत मैत्र यांच्या सूचनेवरून गाळला गेला, आणि कलम ४५ म्हणून ते मार्गदर्शक तत्त्वांत बसले. दहा वर्षांची मुदत होती, ती १९६० मध्ये टळली. मजुरीचे कलम २४ मूलभूत हक्क झाले, पण कारखाना, खाण आणि धोक्याची कामे एवढ्यापुरते. शेत, चहाची टपरी, घरकाम, विडी वळणारे घर ही सारी बाहेर राहिली. १९८६ च्या कायद्यानेही काही ठरावीक उद्योगांतच बंदी घातली. शिक्षण मूलभूत हक्क झाले ते २००२ च्या घटनादुरुस्तीने, त्याचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. आणि चौदाखालच्या कामावर सरसकट बंदी आली २०१६ मध्ये, तीही घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करायची सवलत ठेवून. संविधान सभेत एका वाक्यात जोडलेले दोन धागे कायद्यात एकत्र यायला अडुसष्ट वर्षे लागली.

या सगळ्यावर एक आक्षेप फुल्यांच्या काळापासून आजपर्यंत टिकून आहे: गरिबी आधी हटवा, मुले आपोआप शाळेत येतील, पोटाला चिमटा बसलेल्या घरावर सक्ती करणे हा अन्याय आहे. यातला दंडाचा भाग मला मान्य आहे. उपाशी पालकाकडून महिन्याचा रुपया वसूल करून साक्षरता येत नाही. म्हणूनच फुल्यांनी शिष्यवृत्ती मागितली, गोखल्यांनी फी माफी ठेवली, आणि अलीकडच्या काळात शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाने जे साधले ते दंडाने कधीच साधले नव्हते. पण आक्षेपाचा मुख्य भाग इतिहासात टिकत नाही. मायरन वायनर या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की जगातल्या अनेक देशांनी सक्तीचे शिक्षण श्रीमंत झाल्यावर आणले नाही, गरीब असतानाच आणले. बालमजुरी गरिबीचा परिणाम आहे तशी कारणही आहे, कारण लहान हात स्वस्तात मिळतात तोवर मोठ्या हातांची मजुरी वाढत नाही. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात हे दिसते. बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयते निघतात तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीला उचल मिळते, आणि मोळ्या बांधणाऱ्या पोराचे श्रम त्या जोडीच्या हिशेबात विरून जातात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली ती यासाठीच. तिथे प्रश्न पालकाला शाळेचे महत्त्व कळण्याचा नाही. ते कामच असे रचले आहे की पोर घरी ठेवणे परवडत नाही, आणि ती रचना बदलायची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकलेली नाही.

आजचा वाद चौदाच्या पुढचा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना किशोर म्हणून वेगळे काढले आणि धोक्याचे काम सोडून बाकी काम करायची मुभा दिली. शिक्षण हक्क कायदा चौदालाच थांबतो. मुलीच्या लग्नाला आणि मताला अठरा लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठरापर्यंतच्या शिक्षणाचे उद्दिष्ट सांगितले, पण उद्दिष्ट म्हणजे कायदा नव्हे, हा धडा कलम ४५ ने दिलेलाच आहे. यावर विरोधक म्हणतील की पंधरा-सोळा वर्षांच्या, अभ्यासात मन नसलेल्या मुलाला वर्गात कोंडून काय मिळणार? हा आक्षेप वर्गापुरता बरोबर आहे. इंग्लंडने म्हणूनच २०१५ पासून अठरापर्यंत शिकत राहण्याची अट घातली, पण ती शाळेची नाही: उमेदवारी चालते, कामाबरोबर अर्धवेळ शिक्षण चालते. आपल्याकडे आयटीआय आणि उमेदवारीचा कायदा दोन्ही आहेत. नाही ते त्यांना शाळेच्या कायद्याशी जोडणारे कलम. ते करताना १९१८ ची चूक टाळावी लागेल. शिक्षणाचे वय वाढवायचे आणि कामाचे वय तसेच ठेवायचे, किंवा आधी मुलांना आणि मग मुलींना असे हप्ते पाडायचे, तर शाळा पुन्हा हरेल आणि तिची वर्षे बाजार लगेच भरून काढील. बारा, दहा, अकरा, चौदा या आकड्यांचा इतिहास एवढेच सांगतो की शाळा सोडण्याचे वय शिक्षण खात्याने एकट्याने ठरवायचे नसते. कामगार खात्याचा आकडा त्याच दिवशी, त्याच कायद्यात बदलला गेला तरच ते वय खरे होते.